यंत्राची साक्ष आणि माणसाचा शब्द

संध्याकाळी खिडकी बंद झाल्यावर गल्ल्यातील रोकड मोजावी आणि ती रोजकीर्दीतील शिलकेशी जुळू नये, या अनुभवातून न गेलेला कारकून विरळाच. अशा वेळी घरी जाण्याची घाई बाजूला ठेवून तो पुन्हा टेबलाशी बसतो. बेरजा ताडून पाहतो, दिवसभराच्या पावत्या एकेक करून नोंदींशी लावतो. आणि बहुधा कुठे तरी ५४ च्या जागी ४५ पडलेले किंवा एकच पावती दोनदा चढलेली आढळते. चूक सापडते, कारण ती कागदावर असते आणि कागद त्याच्या हाताशी असतो. हा कागदच हाताशी उरला नाही, चूक शोधण्याची सोय गेली आणि तूट भरून देण्याचे बंधन तेवढे राहिले, तर माणसाचे काय होते? या प्रश्नाचे उत्तर ब्रिटनमधील पोस्ट ऑफिसच्या ‘होरायझन’ प्रकरणाने दिले आहे. ते उत्तर हिशेबाशी ज्यांचा ज्यांचा संबंध येतो, त्या सर्वांनी लक्षपूर्वक वाचावे असे आहे.

ब्रिटनमधील बहुसंख्य पोस्ट कचेऱ्या पगारी सरकारी नोकर चालवीत नाहीत. पोस्ट ऑफिस ही सरकारी मालकीची संस्था. परंतु गावोगावच्या कचेऱ्या तिच्याशी करार केलेले सब-पोस्टमास्तर चालवतात. आयुष्याची पुंजी घालून एखादे दुकान घ्यावे, एका बाजूला वर्तमानपत्रे व किराणा विकावा आणि दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून तिकिटे, निवृत्तिवेतने, बचत खाती यांचे काम करावे, असा हा दुहेरी व्यवसाय. त्यात भारतीय वंशाची कुटुंबेही पुष्कळ. या माणसाला गावात मान असतो, कारण म्हाताऱ्यांचे पैसे त्याच्या हातून जातात. करारानुसार स्वतःच्या निष्काळजीपणामुळे वा चुकीमुळे आलेली तूट त्याने भरून द्यावयाची असते. प्रत्यक्षात मात्र जी तूट दिसेल ती त्याचीच, असा सोयीस्कर अर्थ संस्थेने वर्षानुवर्षे लावला.

होरायझन या संगणकयंत्रणेचा करार १९९६ साली झाला. फुजित्सूच्या समूहातील आय.सी.एल. या कंपनीकडे ते काम होते, आणि सरकारी भत्ते कार्डावर देता यावेत हा त्यामागील एक प्रमुख हेतू होता. १९९९ साली भत्ते देणाऱ्या खात्याने त्यातून अंग काढून घेतले. मूळ हेतू असा निम्मा गळून पडला, तरी यंत्रणा राहिली. आणि त्याच वर्षापासून ती देशभरातील पोस्टांच्या खिडक्यांवर बसविण्यात आली. त्यानंतर थोड्याच काळात अनेक ठिकाणी हिशेबात तूट दिसू लागली. मदतीसाठी दिलेल्या दूरध्वनी क्रमांकावर विचारणा करावी, तर ‘असा त्रास दुसऱ्या कोणालाच होत नाही’ असे उत्तर मिळे, हे पुढे अनेकांनी चौकशीत सांगितले. प्रत्येकाला वाटले की आपण एकटेच. ज्यांची तक्रार एक आहे, त्यांना परस्परांची खबर लागू नये, यापरते अन्यायाला सोयीचे दुसरे काय असणार?

यंत्राकडून चूक होते ती कशी, याचा एक मासला पाहण्यासारखा आहे. २०१५ साली स्कॉटलंडमधील डॅलमेलिंग्टन येथे ८,००० पौंडांची रोकड हिशेबात जमा करून घेताना संगणकाचा पडदा पुढे सरकेना. म्हणून कळ पुन्हा दाबली गेली. तेवढ्याने एकच रक्कम चार वेळा नोंदली गेली आणि कागदोपत्री २४,००० पौंडांची तूट उभी राहिली. खतावणीत अशी चौपट नोंद झाली असती, तर नवशिक्या उमेदवारानेही ती बोट ठेवून दाखविली असती. येथे नोंद आत कुठे तरी झाली होती आणि बाहेर दिसत होता तो फक्त आकडा.

आता त्या माणसाची कोंडी ध्यानात घ्यावी. हिशेब बरोबर आहे असे लिहून दिल्याशिवाय पुढल्या मुदतीचे काम चालू करता येत नाही. बरोबर नाही म्हणावे, तर तूट तात्काळ भरण्याचा तगादा. भरण्यास पैसे नाहीत म्हणून जुळते आकडे लिहून सही करावी, तर खोटे हिशेब केल्याचा गुन्हा! कित्येकांनी घरे गहाण टाकली, नातलगांकडून उसने घेऊन न घेतलेले पैसे भरले. कित्येकांना सुचविण्यात आले की, खोट्या हिशेबाचा गुन्हा कबूल करा म्हणजे चोरीचा आरोप मागे घेऊ. तुरुंग टळावा म्हणून त्यांनी न केलेला गुन्हा कबूल केला. २०१० साली भारतीय वंशाच्या एका गरोदर स्त्रीला १५ महिन्यांची कैद झाली. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक माणसे दोषी ठरली, आणि त्यांपैकी सुमारे ७०० खटले पोस्ट ऑफिसने स्वतःच भरलेले होते. पैसे मागणारी संस्था तीच, तपास करणारी तीच आणि फिर्याद चालविणारीही तीच. आपल्याकडे पतपेढीच्या चिटणिसाने कर्जदारावर स्वतःच खटला चालवावा, असाच हा प्रकार.

एवढी माणसे न्यायालयापुढे आली, तर न्यायाधीशांना संशय कसा आला नाही, असे कोणीही विचारील. याचे एक उत्तर कायद्यात आहे. १९८४ च्या पोलीस व फौजदारी पुरावा कायद्याच्या ६९ व्या कलमानुसार, संगणकावरील नोंद पुरावा म्हणून पुढे करणाऱ्याला तो संगणक नीट चालत होता हे दाखवावे लागे. तेथील विधी आयोगाने १९९७ साली हे कलम काढून टाकण्याची शिफारस केली. १९९९ च्या कायद्याने ते रद्द झाले आणि २००० पासून न्यायालये पूर्वापार गृहीतकाकडे परत गेली. ते गृहीतक असे की, यांत्रिक साधन उलट काही दिसेपर्यंत नीट चालत होते असे मानावे. होरायझन जेव्हा खिडक्याखिडक्यांवर बसत होते, नेमक्या त्याच सुमारास त्याची साक्ष तपासण्याचे बंधन कायद्यातून नाहीसे होत होते.

विधी आयोगाची बाजू अगदीच पोकळ होती असे मात्र म्हणता येणार नाही. संगणक सर्वत्र आला होता. प्रत्येक बिलासाठी, प्रत्येक पावतीसाठी यंत्र ठीक असल्याचा दाखला मागत बसावे, तर न्यायालयांचे काम खोळंबले असते. आणि असा दाखला बहुधा छापील मजकुरावरची एक सही एवढाच उरतो. हे सारे मान्य केले तरी मूळ घोटाळा राहतोच. रस्त्यावरचा सिग्नल किंवा भिंतीवरचे घड्याळ बिघडले तर ते चारचौघांना दिसते. हजारो ठिकाणांना जोडलेली आणि वरचेवर बदलली जाणारी आज्ञावली बिघडली, तर ती एखाद्याच ठिकाणी, एखाद्याच संध्याकाळी चुकते आणि इतर वेळी बिनचूक चालते. अशा यंत्रणेला घड्याळाचे गृहीतक लावणे ही कायद्याची विचारशून्यता होय. शिवाय ‘उलट काही दिसेपर्यंत’ हे म्हणणे ठीक; पण ते दिसावे कोणाला? चुकांच्या नोंदी कंपनीकडे होत्या. ज्ञात दोषांची स्वतंत्र नोंदवही ठेवली जात होती, ती आरोपींच्या हाती लागली नाही. सब-पोस्टमास्तरच्या नकळत बाहेरून त्याच्या हिशेबात फेरफार करता येतो, ही गोष्ट तर संस्था कित्येक वर्षे नाकारीत राहिली आणि अखेर तिला ती मान्य करावी लागली. कुलपाची दुसरी किल्ली दुसऱ्याकडे असताना चोरीचा आळ मात्र पहिल्यावर, असा हा न्याय होता.

हे उघडकीस आले ते वरिष्ठांच्या सद्‌बुद्धीने आले नाही. वेल्समधील लँडुडनो येथे पोस्ट चालविणारे अ‍ॅलन बेट्स यांचा करार २००३ साली रद्द करण्यात आला. ते तूट भरण्यास नकार देत राहिले आणि त्यांनी कागदपत्रे जपून ठेवली. २००९ साली ‘कॉम्प्युटर वीकली’ या व्यवसायपत्राने सात सब-पोस्टमास्तरांच्या हकिकती छापल्या, तेव्हा एकेकट्याला कळले की आपण एकटे नाही. त्याच वर्षी त्यांची संघटना उभी राहिली. पुढे ५५५ जणांनी मिळून दावा लावला. २०१९ च्या डिसेंबरात न्यायमूर्ती फ्रेझर यांनी निकाल दिला की, या यंत्रणेतील दोषांमुळे खोट्या तुटी येऊ शकत होत्या आणि आल्याही होत्या. संस्थेचे म्हणणे त्यांनी पृथ्वी सपाट आहे असा हट्ट धरण्याच्या पंक्तीला बसविले. २०२१ च्या एप्रिलमध्ये अपील न्यायालयाने एकाच दिवशी ३९ जणांची दोषसिद्धी रद्द केली. तरीही शेकडो माणसे कलंक घेऊन जगतच होती. २०२४ च्या जानेवारीत या प्रकरणावरील नाट्यमालिका दूरचित्रवाणीवर दाखविली गेली, लोकमत खवळले, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात संसदेने कायदा करून उरलेल्या दोषसिद्धी सरसकट रद्द केल्या. न्यायमूर्तींच्या निकालाने जे चार वर्षांत झाले नाही, ते चार रात्रींच्या नाटकाने झाले! नाट्यकलेचा हा गौरव खरा. राज्यकर्त्यांना मात्र तो भूषणावह नाही.

सर विन विल्यम्स यांच्या चौकशीच्या अहवालाचा पहिला खंड जुलै २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. या छळापायी किमान १३ जणांनी आत्महत्या केली असण्याची शक्यता त्यात नोंदविली आहे. ही १३ माणसे कोणत्याही भरपाईच्या हिशेबात बसणारी नाहीत.

या साऱ्यावरून संगणक नको असा निष्कर्ष काढणे वेडेपणाचे ठरेल. हाताने लिहिलेल्या वह्यांतही अपहार होत होते आणि निरपराध माणसे त्यांतही भरडली जात होती. प्रश्न एवढाच आहे की यंत्र आणि माणूस यांचे म्हणणे वेगळे पडले, तर पुरावा द्यावयाचा कोणी? प्रस्तुत लेखकाच्या मते याचे उत्तर निःसंदिग्ध असावयास हवे. ज्याने यंत्र बसविले, ज्याच्या हाती त्याच्या अंतरंगातील नोंदी आहेत आणि ज्याला त्याचा लाभ आहे, त्याने. ब्रिटिश सरकारने संगणकीय पुराव्याविषयीच्या या गृहीतकाचा फेरविचार करण्यासाठी २०२५ च्या जानेवारीत मते मागविली. पहिला अन्याय झाल्यानंतर सुमारे पाव शतकाने उचललेले हे पाऊल उशिराचे खरे, पण योग्य दिशेचे आहे.

कारण यंत्राच्या हवाली होणारे व्यवहार तेथे वाढतच आहेत. परदेशी रहिवाशांना मिळणारी निवासाची ओळखपत्रे २०२४ च्या अखेरीस संपली आणि त्यांची जागा संगणकावरील नोंदीने घेतली. लंडनमध्ये नोकरी करणाऱ्या मराठी तरुणालाही आता घरमालकाला किंवा मालकाला आपला हक्क दाखवावयाचा, तर त्या नोंदीवरूनच दाखवावा लागतो. सोय मोठी आहे, कार्ड हरवण्याची भीती नाही. पण उद्या त्या नोंदीत चूक झाली, तर पुढे करावयाला त्याच्या हाती काय उरते?

आपल्यालाही हा विचार परका नाही. आपल्या पुरावा कायद्यातील ६५ ब हे कलम १९६८ च्या एका ब्रिटिश कायद्याच्या धर्तीवर बेतलेले होते. ब्रिटनने ती तरतूद सोडून दिली, आपण ठेवली. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमात यंत्राच्या प्रमाणपत्रावर तज्ज्ञाचीही सही आवश्यक केली. ही जपणूक स्वागतार्ह आहे. मात्र ती सही केवळ उपचार ठरणार असेल, तर तिचा उपयोग नाही. न्यायालयाबाहेर तर तेवढेही संरक्षण नसते. ‘सिस्टीममध्ये तसे दिसत नाही’ हे वाक्य शाळेत, बँकेत, रेशनच्या दुकानात आपण रोज ऐकतो आणि आपल्यापैकी कित्येकजण खिडकीच्या आतून ते रोज उच्चारतोही. पुढच्या वेळी ते ओठांवर येईल, तेव्हा क्षणभर थांबावे. समोरच्याच्या हातातली पावती घेऊन पाहावी, चूक आत झाली असेल ही शक्यता मनात धरावी आणि वर कळवावे. डॅलमेलिंग्टनच्या पडद्यावरची तूट खोटी होती. पण तेथील तक्रार ऐकून घेणारा कोणी निघाला म्हणूनच ते कळले.