भाताच्या म्हणी, नक्षत्रांचा हिशेब

भोर आणि राजगड (पूर्वीचा वेल्हे) हे पुणे जिल्ह्यातले भाताचे तालुके. इथल्या खाचरांना लागू पडणाऱ्या म्हणी पावसाच्या नक्षत्रांवर बेतलेल्या आहेत.

‘न पडतील उत्तरा, तर भात मिळेना पितरा.’ उत्तरा नक्षत्र साधारण १३ सप्टेंबरला लागतं. भात तेव्हा पोटरीत किंवा फुलोऱ्यात असतो. खाचरातलं पाणी आटलं, तर दाणा पोचट राहतो. पितृपंधरवडाही याच सुमारास येतो, म्हणून म्हणीत पितर.

‘पडतील चित्रा, तर भात खाईना कुत्रा.’ ऑक्टोबरच्या मध्यावर हळवं भात कापणीला आलेलं असतं. पाऊस झाला की ते आडवं होतं, लोंब्या भिजतात, दाणा काळा पडतो.

‘पडतील स्वाती, तर पिकतील मोती’ ही मात्र ज्वारी-हरभऱ्याच्या रब्बीची म्हण.