इंजिनाचा ताप : निदान आणि उपाय

भिलाईकरांना उष्णतेची ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते भिलाई पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, तेव्हापासून या नगरीचे जीवन उष्णतेशीच निगडित आहे. झोतभट्टीतून बाहेर पडणाऱ्या लोहरसाचे तापमान सुमारे १,४०० ते १,५०० अंश सेल्सिअस असते. तरीही भट्टीचे कवच टिकून राहते, कारण ते थंड राखण्यासाठी पाणी अखंड खेळवलेले असते. हे पाणी थांबले, तर भट्टीची धडगत नाही. दाराशी उभ्या असलेल्या मोटारीच्या इंजिनालाही नेमका हाच नियम लागू पडतो.

इंधनाच्या ज्वलनातून निर्माण होणाऱ्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश भागच चाके फिरविण्याच्या कामी येतो. उरलेली उष्णता काही धुराबरोबर आणि काही कूलंटमार्फत बाहेर टाकली जाते. वॉटर पंप कूलंटला इंजिनातून फिरवतो, रेडिएटर त्यातील उष्णता हवेत सोडतो आणि थर्मोस्टॅट नावाची छोटी झडप इंजिन पुरेसे तापल्यावरच रेडिएटरकडील वाट उघडते. या साखळीतील एक कडी निखळली, की काटा लाल पट्ट्याकडे सरकू लागतो. थोडक्यात, इंजिन तापणे हे लक्षण होय. रोग शोधावा लागतो.

रस्त्यात इंजिन तापल्यास

मे महिन्यात दुर्ग-भिलाई परिसरात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि ऐन त्याच काळात लग्नसराईनिमित्त अनेक मराठी कुटुंबे राजनांदगाव, देवरी, भंडारा या मार्गाने नागपूरकडे निघतात. सुमारे अडीचशे किलोमीटरांच्या या प्रवासात काटा वर सरकू लागल्यास प्रथम एसी बंद करावा आणि हीटर पूर्ण सुरू करावा. उन्हाळ्यात हा उपाय विचित्र वाटेल. परंतु त्यामुळे इंजिनातील काही उष्णता बाहेर पडते. काटा लाल पट्ट्यात पोहोचला, लाल दिवा लागला किंवा वाफ दिसली, तर मात्र मोटार तत्काळ कडेला घेऊन इंजिन बंद करावे. ‘पुढच्या गावापर्यंत नेऊ’ हा मोह सर्वांत महाग पडतो. चढलेला काटा एकाएकी खाली आला, तरी हायसे वाटू देऊ नये. कूलंट संपून सेन्सर कोरडा पडल्याचीही ती खूण असू शकते.

गरम इंजिनाच्या रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये. दाबाखाली असलेले कूलंट १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल होताच दाब उतरतो, द्रवाची वाफ होते आणि उकळता फवारा चेहऱ्यावर उडतो. किमान अर्धा ते पाऊण तास थांबावे. तापलेल्या इंजिनावर थंड पाणीही ओतू नये, त्यामुळे धातूला तडा जाण्याची भीती असते.

घरच्या घरी निदान

तपासणी इंजिन पूर्ण थंड असताना, सोप्या आणि स्वस्त कारणापासून सुरू करावी.

१. कूलंटची पातळी : टाकीवरील किमान आणि कमाल या दोन खुणांच्या मध्ये ती असावी. पातळी वारंवार उतरत असेल, तर गळती शोधावी.

२. गळती : रात्री मोटारीखाली जुना पुठ्ठा पसरावा. सकाळी दिसणाऱ्या डागाच्या जागेवरून होज पाइप, त्याची क्लिप, रेडिएटर किंवा वॉटर पंप यांपैकी दोषी कोण, याचा अंदाज येतो. सैल क्लिप घरीच आवळता येते.

३. पंखा : सिग्नलवर तापणारी आणि वेगात थंड राहणारी मोटार बहुधा पंख्याचा दोष दर्शवते. फ्यूज आणि रिले तपासावेत. विजेवरील पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो, म्हणून हात दूर ठेवावेत.

४. रेडिएटर : याउलट, वेगात किंवा चढावर इंजिन तापत असेल, तर रेडिएटर तुंबल्याचा संशय घ्यावा. जाळीत अडकलेली धूळ आणि किडे कमी दाबाच्या पाण्याने, इंजिनाच्या बाजूकडून बाहेरच्या दिशेने धुवावेत.

५. थर्मोस्टॅट : इंजिन तापूनही रेडिएटरचा एक पाइप गरम आणि दुसरा गारच राहत असेल, तर ही झडप अडकलेली असू शकते. ती बदलावी, काढून टाकून मोटार चालवू नये. तसे केल्यास इंजिन थंड चालते, इंधन अधिक लागते आणि झीज वाढते.

कूलंटऐवजी नळाचे किंवा बोअरवेलचे पाणी कायम वापरणे हिताचे नाही. त्यातील क्षार आत साचतात आणि गंज चढतो. आपल्याकडे गोठण्याचा प्रश्न नसला, तरी कूलंटमुळे उत्कलनबिंदू वाढतो आणि धातूचे रक्षण होते. निर्मात्याने सांगितलेलाच प्रकार वापरावा. अडचणीत साधे पाणी घातल्यास ते नंतर काढून घ्यावे. बहुतेक कूलंट चवीला गोड पण विषारी असतात, म्हणून ते मुलांपासून आणि पाळीव प्राण्यांपासून दूर ठेवावेत.

घरगुती उपायांची मर्यादा

ऑइल दुधाळ दिसणे, धुराड्यातून सतत पांढरा, गोडसर वासाचा धूर येणे, कूलंटमध्ये बुडबुडे उठणे, अथवा बाहेर गळती नसताना पातळी घटणे, ही हेड गॅस्केट निकामी झाल्याची लक्षणे होत. अशा वेळी इंजिन सुरू न करता मोटार ओढून गॅरेजमध्ये न्यावी.

येथे एक आर्थिक बाब ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. सर्वसाधारण वाहन विमा अपघाताची भरपाई देतो. यांत्रिक बिघाड आणि झीज त्यातून वगळलेली असते. इंजिन संरक्षणाची पुरवणी घेतलेली असली, तरी तिच्या अटी वाचून ठेवाव्यात. तापलेले इंजिन पुढे रेटल्याने झालेले नुकसान बहुधा मालकालाच सोसावे लागते आणि मोटार गॅरेजमध्ये असली, तरी कर्जाचा हप्ता ठरल्या तारखेला द्यावाच लागतो. काही शेकड्यांत होणारे काम वेळीच केले, तर हजारोंचा खर्च टळतो. म्हणूनच उन्हाळ्यापूर्वी, मार्च महिन्यातच, थंड इंजिनाचे बॉनेट एकदा उघडून वरील पाचही गोष्टी पाहून घ्याव्यात.