शिंगाची पूड पोटात गेल्यावर

जानेवारी २०१३ मध्ये भारतीय वंशाचा फिजीचा गोल्फपटू विजय सिंग याने हरणाच्या शिंगाचा स्प्रे वापरल्याची कबुली दिली आणि शिंगापासून बनवलेली पूरके जगभर चर्चेत आली. शिंगात आयजीएफ-१ हे वाढीला चालना देणारे संप्रेरक असते आणि खेळाडूंना ते घेण्यास बंदी आहे. त्यामुळे सिंगवर सुरू झालेली कारवाई त्याच वर्षी एप्रिलमध्ये मागे घेतली गेली. पण मूळ प्रश्न शरीरशास्त्राचा आहे: शिंगातले नेमके काय रक्तापर्यंत पोहोचते?

न्यूझीलंडमध्ये पाळीव लाल हरणांची शिंगे कोवळी, मखमली लव असतानाच, भूल देऊन कापतात आणि गोठवतात. त्यांचा शेंडा प्रथिनांनी, तर बुंधा खनिजांनी समृद्ध असतो. पुढची कहाणी प्रक्रियेवर ठरते.

चीन-कोरियाच्या परंपरेत शिंग गरम पाण्यात बुडवून वाळवतात, काप करून काढा उकळतात. शिंगातले कोलॅजन तीन पेडांच्या दोरीसारखे वळलेले असते. उष्णतेने हा पीळ सुटतो, जिलेटिन तयार होते आणि पाचकरसांना ते तोडणे सोपे जाते. विकरांची प्रक्रिया केल्यास प्रथिनांचे आणखी लहान तुकडे होतात. याउलट फ्रीझ-ड्रायिंगमध्ये, म्हणजे गोठवून वाळवण्यात, उष्णता कमी लागते, त्यामुळे प्रथिनांची मूळ घडी बरीचशी टिकते. जाहिरातींचा भर नेमका यावरच असतो.

पण कारखान्यात वाचलेले संप्रेरक पोटात वाचत नाही. आयजीएफ-१ ही ७० अमिनो आम्लांची साखळी आहे. जठरातले आम्ल व पेप्सिन आणि पुढे स्वादुपिंडाचा ट्रिप्सिन तिचे तुकडे करतात. आतडे शोषते ती प्रामुख्याने सुटी अमिनो आम्ले आणि दोन-तीन अमिनो आम्लांचे तुकडे. याच कुळातले इन्सुलिन म्हणूनच टोचून घ्यावे लागते. आयजीएफ-१ची कमतरता असलेल्या मुलांनाही ते इंजेक्शनानेच देतात. जिभेखालच्या श्लेष्मल त्वचेतून सहज शिरण्याच्या मानाने हा रेणू फार मोठा आहे, त्यामुळे स्प्रेनेही अडचण सुटत नाही.

आयुर्वेदातले मृगशृंग भस्म हे प्रक्रियेचे दुसरे टोक. पुटाच्या, म्हणजे भस्म करण्याच्या, आगीत प्रथिने जळून जातात, मागे उरते ते मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट. शिंग हरणाचेच, पण पदार्थ वेगळा. म्हणून मखमली शिंगाचे दावे भस्माला चिकटवता येत नाहीत.

प्रक्रियेने काय विरघळेल आणि किती पचेल हे बदलते, पण पचनाचे नियम बदलत नाहीत. २०१२ मध्ये न्यूझीलंडच्या वैद्यकीय नियतकालिकात मानवी चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात या पूरकांच्या उपयुक्ततेचा पटण्याजोगा पुरावा आढळला नाही. खेळाडूंनी तर दुप्पट सावध राहावे, कारण बाटलीत आयजीएफ-१ असू शकते. आणि आपल्याकडे सांबर-चितळाच्या शिंगांचा व्यापार हा वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. ‘नैसर्गिक’ म्हणून कोणी शिंगाची पूड विकू लागला, तर ती घेऊ नका.