स्वर एक, नावे दोन

पाश्चात्त्य संगीतात पेटीवरील एकाच काळ्या पट्टीला दोन नावे असतात. जी आणि ए यांच्यामधली पट्टी जी शार्पही असते आणि ए फ्लॅटही. मग कागदावर कोणते नाव लिहावे?

नियम असा, की सप्तकात सातही अक्षरे एकेकदाच यावीत. ए मायनरचे स्वर ए, बी, सी, डी, ई, एफ, जी. सातव्या स्वराला वरच्या ए ची ओढ लागावी म्हणून जी अर्ध्या स्वराने चढवतात. तो झाला जी शार्प. त्याला ए फ्लॅट म्हटले तर जी नाहीसा होतो आणि ए दोनदा येतो. आपल्या किरवाणीतला शुद्ध निषादही षड्जाकडे असाच ओढ घेतो. जी शार्प मायनरमध्ये तर सातवा स्वर ‘एफ डबल शार्प’ लिहितात. वाजते मात्र जी चीच पट्टी!

बीथोव्हेनच्या ‘फ्यूर एलीझ’ (१८१०) या ए मायनरमधील रचनेचा आरंभ पाहा: ई, डी शार्प, ई. इथे ई फ्लॅट लिहिला असता, तर प्रत्येक ई पूर्ववत करण्यास आणखी एक चिन्ह लागले असते.

‘दिन’ आणि ‘दीन’ कानाला जवळजवळ सारखेच; पण एकात उजेड, दुसऱ्यात दारिद्र्य. कॉलेजात आलेली आमच्या घरातली मी पहिलीच. शुद्धलेखनाचा धाक मला चांगला ठाऊक आहे. इथला नियम मात्र धाकासाठी नाही. स्वर कोठून आला आणि कोठे निघाला, हे तो वाचणाऱ्याला सांगतो.