कालव्यातील कृमी आणि पित्ताशयावरील दुर्बिणीची शस्त्रक्रिया

ईजिप्तची शेती नाईल नदीच्या पाण्यावर उभी आहे. पिढ्यान्‌पिढ्या तेथील शेतकरी कालव्यात उतरून शेत भिजवीत आला, बायका कालव्याच्या काठी भांडी घाशीत आल्या आणि मुले त्याच पाण्यात डुंबत आली. या पाण्याने त्यांस धान्य दिले, तसा एक जुनाट रोगही दिला. प्राचीन ममींच्या मूत्रपिंडांतही या रोगाच्या कृमींची अंडी आढळल्याचे मार्क आर्मांद रफर यांनी १९१० साली प्रसिद्ध केले. प्रत्यक्ष कृमी त्यापूर्वीच, १८५१ साली, थिओडोर बिलहार्त्स या तरुण जर्मन वैद्यास कैरो येथे शवविच्छेदन करताना सापडला होता. त्याच्या नावावरून या रोगास ‘बिलहार्झिया’ म्हणतात.

ईजिप्तमध्ये या कृमींच्या दोन जाती आढळतात. एक मूत्राशयास पीडा देते. दुसरी आतडी व यकृत यांस. येथे दुसरीचा विचार करावयाचा आहे. तिचे डिंभ गोड्या पाण्यातील गोगलगाईंच्या शरीरात वाढतात, नंतर पाण्यात बाहेर पडतात आणि पाण्यात उतरलेल्या मनुष्याच्या कातडीतून काही मिनिटांतच आत शिरतात. पूर्ण वाढलेले नर व मादी सुमारे एक सेंटिमीटर लांबीचे असून ते आतड्याच्या शिरांमध्ये जोडीने राहतात. मादी दररोज शेकडो अंडी घालते. काही अंडी विष्ठेवाटे बाहेर जातात. कित्येक रक्ताबरोबर वाहत यकृतात येऊन अडकतात.

आतडी, जठर व प्लीहा यांतील रक्त यकृताकडे नेणाऱ्या शिरेस प्रवेशिका नीला म्हणतात. अडकलेल्या अंड्यांभोवती या शिरेच्या शाखांलगत कठीण तंतूंचे जाळे तयार होते. कापलेल्या यकृतात हे तंतू धूम्रपानाच्या मातीच्या पांढऱ्या नळ्यांसारखे दिसतात, असे वर्णन सिमर्स यांनी १९०४ साली केले. पाटात गाळ साचला म्हणजे पाणी मागे तुंबते आणि मिळेल त्या वाटेने बाहेर पडू पाहते. येथेही तसेच होते. रक्ताचा दाब वाढतो, प्लीहा मोठी होते, आणि अन्ननलिका, पित्ताशय व बेंबी यांच्या आसपासच्या शिरा फुगतात. मोठी झालेली प्लीहा रक्त गोठविण्यास मदत करणारे बिंबाणू अडवून ठेवते व तांबड्या पेशी प्रमाणाबाहेर नष्ट करते. त्या पेशींतील रंगद्रव्य पित्तात उतरून त्याचे खडे बनू शकतात. अशा रीतीने यकृताचा रोगी पित्तखड्यांचाही रोगी होतो, आणि शल्यचिकित्सकापुढे मोठा पेच उभा राहतो.

खडे वारंवार पीडा देऊ लागले म्हणजे पित्ताशय काढून टाकणे हा खात्रीचा उपाय होय. कार्ल लांगेनबुख यांनी ही शस्त्रक्रिया प्रथम १८८२ साली बर्लिन येथे केली. पुढे शंभर वर्षे त्यासाठी पोटास मोठा छेद द्यावा लागे. १९८५ साली जर्मनीतील ब्यॉब्लिंगन येथे एरिख म्यूहे यांनी दुर्बिणीच्या साहाय्याने, लहान छिद्रांतून, पित्ताशय काढून दाखविले. या पद्धतीत पोटात कार्बन डाय-ऑक्साइड वायू भरून जागा निर्माण करतात, एका छिद्रातून प्रकाश व दुर्बीण आत घालतात, आणि इतर छिद्रांतून घातलेल्या लांब हत्यारांनी, पडद्यावर पाहत, काम करतात.

आरंभी यकृत व प्रवेशिका नीला बिघडलेल्या रोग्यांस ही पद्धत वर्ज्य मानीत. त्यास कारणही होते. फुगलेली एखादी शीर फाटली, तर लहान छिद्रांतून रक्तस्राव आवरणे कठीण. परंतु अनुभव वाढला, तसा या समजुतीचा फेरविचार करावा लागला. मोठ्या छेदाने पोटाच्या भिंतीतील फुगलेल्या शिरा अधिक कापल्या जातात. जखम चिघळण्याचे व पोटात साचलेले पाणी तिच्यातून पाझरण्याचे भयही अधिक असते. म्हणजे जो रोगी मोठी जखम सोसण्यास असमर्थ, त्यालाच लहान जखमेचा लाभ विशेष. यकृताची कार्यशक्ती बऱ्यापैकी टिकून असलेल्या रोग्यांत या पद्धतीने उपद्रव कमी होतात आणि रुग्णालयातील मुक्कामही घटतो, असे दिसून आले.

येथे एक भेद ध्यानात ठेवावयास हवा. मद्यपान किंवा कावीळ यांमुळे होणाऱ्या यकृत-सूत्रणात यकृताच्या पेशीच नष्ट होत जातात. केवळ बिलहार्झियात मात्र पेशी बराच काळ आपले काम करीत राहतात. बिघाड मुख्यतः रक्ताच्या वाटेत असतो. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी यकृताची कार्यशक्ती, रक्त गोठण्याची क्षमता व पोटातील पाणी यांची तपासणी करतात. यकृत अगदी निकामी झाले असेल, तर शस्त्रक्रिया शक्यतो टाळतात. बेंबीजवळच्या शिरा चुकवून छिद्रे पाडतात आणि वायूचा दाब नेहमीपेक्षा कमी ठेवतात. पित्ताशयाची मागील भिंत यकृतास घट्ट चिकटलेली असेल, तर ती तशीच ठेवून उरलेला भाग काढतात. एवढे करूनही रक्तस्राव आवरेना, तर पोट उघडावे लागते. तो निर्णय वेळीच घेणे हे अपयश नव्हे. ती सावधगिरी होय.

ईजिप्तमधील हा पेच एका उपचारानेच अधिक अवघड करून ठेवला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांपर्यंत, गावोगाव बिलहार्झियावर अँटिमनीच्या क्षाराची शिरेतून इंजेक्शने देत. हेतू उत्तम होता; परंतु सुया व पिचकाऱ्या पुन्हापुन्हा वापरल्या जात आणि त्यांचे निर्जंतुकीकरण अपुरे होई. त्यांतून ‘हिपॅटायटिस सी’ या काविळीचा विषाणू पसरला. १९८९ पर्यंत या विषाणूची ओळखही पटलेली नव्हती. ज्या यकृतात केवळ रक्ताची वाट अडली होती, त्यातील पेशीही आता नष्ट होऊ लागल्या. पुढे प्राझिक्वांटेल हे तोंडाने घ्यावयाचे औषध आले व सुईची गरज संपली. २०१८-१९ मध्ये ईजिप्तने सुमारे पाच कोटी प्रौढांची या विषाणूसाठी तपासणी केली आणि बाधितांस मोफत औषधे दिली.

हा रोग आपल्याकडे सर्वस्वी अपरिचित आहे, असे नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी या गावी मूत्रमार्गाच्या बिलहार्झियाचे एक लहानसे क्षेत्र १९५२ साली नोंदविले गेले.

दुर्बिणीची शस्त्रक्रिया हा मानवी कौशल्याचा मोठा विजय आहे. परंतु ती केवळ खडे भरलेले पित्ताशय काढते, यकृतातील तंतू नाहीसे करीत नाही. कृमींचा खरा पराभव कालव्याच्या काठी व्हावयाचा आहे. घरोघरी शौचकूप, स्वच्छ पाणी, गोगलगाईंचे नियंत्रण, मुलांस वेळीच औषध आणि प्रत्येक इंजेक्शनास नवी सुई, एवढ्या गोष्टी साधल्या, तर शल्यचिकित्सकापुढील हा पेच पुढच्या पिढीत क्वचितच उभा राहील.