डबा घेण्याआधी चरवीत बघा



गेल्या काही महिन्यांत न्हावरे परिसरातल्या गटांच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो. बचत जमा झाली, हप्ते झाले, सह्या-अंगठे झाले, की कुणीतरी हळूच विचारतं, "मॅडम, तो प्रोटीनचा डबा घ्यावा का हो?" कुणाच्या सुनेला दिवस गेलेत. कुणाची मुलगी दहावीत आहे आणि सारखी थकल्यासारखी दिसते. कुणाचा मुलगा पोलीस भरतीसाठी पहाटे पळतोय आणि त्याला कुणीतरी जिममधला मोठा डबा सांगितलाय. काही जणी तर त्यासाठी अंतर्गत कर्जसुद्धा मागतात. आणि डबा परवडणार नाही असं दिसलं की लगेच दुसरं टोक, "मग धारेचं कच्चं दूधच देते. पैलवान तेच पितात की!"

म्हणून या अंकात दोन्ही गोष्टींचा नीट हिशोब मांडते. थोडक्यात सांगायचं तर डब्यात जे विकत मिळतं ते आपल्या चरवीत आधीच आहे. फक्त ते कच्चं प्यायचं नाही आणि सगळंच्या सगळं डेअरीला घालायचं नाही.

प्रथिनं किती लागतात?

प्रोटीन म्हणजेच प्रथिनं. शरीराचं बांधकाम त्यांच्यावर होतं. स्नायू, रक्त, केस, त्वचा, पोटातल्या बाळाची वाढ, जखम भरून येणं, सगळ्याला प्रथिनं लागतात. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था देशासाठी आहाराचं प्रमाण ठरवते. तिच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं हवीत. म्हणजे ५५ किलोच्या बाईला साधारण ४६ ग्रॅम. गरोदरपणात चौथ्या ते सहाव्या महिन्यात त्यावर आणखी साडेनऊ ग्रॅम आणि शेवटच्या तीन महिन्यांत २२ ग्रॅम जास्त. बाळंतपणानंतर पहिले सहा महिने अंगावर पाजणाऱ्या आईला १७ ग्रॅम जास्त.

आपण भाकरी खातो, तीत प्रथिनं असतात. शंभर ग्रॅम बाजरीच्या पिठात १० ते ११ ग्रॅम मिळतात. पण नुसत्या धान्यातली प्रथिनं अपुरी पडतात. त्यांच्या जोडीला डाळ, कडधान्य नाहीतर दूध-दही आलं की उणीव भरून निघते. आपल्या आज्यांचं भाकरी-दूध आणि भाकरी-आमटी म्हणजे हीच जोडी. ताटातली आमटी पातळ होत गेली आणि दूध कॅनमध्ये गेलं, तिथं खरी अडचण झाली.

डब्यात असतं काय?

डबे दोन प्रकारचे. एक लहान मुलांचे आणि गरोदर बायकांचे, चॉकलेटच्या नाहीतर व्हॅनिलाच्या चवीचे. त्यात बहुतेक वेळा दुधाची पावडर, धान्याचं पीठ, साखर आणि वरून घातलेली जीवनसत्त्वं असतात. दुसरा प्रकार जिमचा, त्यावर 'व्हे प्रोटीन' लिहिलेलं असतं. व्हे म्हणजे काय? आपण पनीर करायला दूध फाडतो तेव्हा गोळा वेगळा होतो आणि पिवळसर पाणी उरतं. ते पाणी म्हणजे व्हे. कारखान्यात चीज करताना असं पाणी उरतं, त्यातली प्रथिनं गाळून, वाळवून डब्यात भरतात. म्हणजे त्या महागड्या डब्याची सुरुवातसुद्धा कुठल्या तरी गोठ्यातच झालेली असते.

आता तुमची डेअरीची पावती काढा. तिच्यावर फॅट आणि एसएनएफ असे दोन आकडे असतात. गाईच्या दुधाचा सरकारी दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला धरतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. हे एसएनएफ म्हणजे दुधातून पाणी आणि फॅट वजा केल्यावर जे उरतं ते: दुधाची साखर, क्षार आणि प्रथिनं. त्या साडेआठात तीनपेक्षा थोडी जास्त प्रथिनं असतात. म्हणजे ताई, आपण रोज सकाळ-संध्याकाळ डेअरीवर प्रोटीनच विकून येतो.

गटाच्या वहीसारखा हिशोब

डब्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात 'प्रति १०० ग्रॅम' असा तक्ता असतो. त्यात प्रोटीनचा आकडा बघा. समजा ४०० ग्रॅमचा डबा ४०० रुपयांना आहे आणि १०० ग्रॅममध्ये २० ग्रॅम प्रोटीन आहे. मग अख्ख्या डब्यात ८० ग्रॅम झालं. ४०० भागिले ८०, म्हणजे एक ग्रॅम ५ रुपयांना पडलं.

आता दूध. गाईच्या एक लिटर दुधात साधारण ३२ ग्रॅम प्रथिनं असतात, म्हशीच्या दुधात ३७ च्या आसपास. गाईच्या दुधाला लिटरला ३५ रुपये धरले, तर एक ग्रॅम साधारण १ रुपया १० पैशांना पडतं. ७ रुपयांच्या अंड्यात ६ ग्रॅम असतात, म्हणजे ग्रॅमला सव्वा रुपयाच्या आत. शेंगदाणे १४० रुपये किलो धरले तर ६० पैशांच्या आत, कारण किलोभर दाण्यांत २४० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. दर तुमच्या गावचे घाला आणि स्वतः करून बघा.

अजून एक गंमत. बऱ्याच डब्यांवर लिहिलेलं असतं, 'दोन चमचे पावडर एक पेला दुधात मिसळा.' वरच्या हिशोबाने २० ग्रॅम पावडरीतून ४ ग्रॅम प्रोटीन येतं आणि त्या २०० मिलीच्या पेल्यातल्या गाईच्या दुधातून साडेसहा ग्रॅम. ताकद जास्त कुणी दिली? दुधानं. नाव कुणाचं झालं? डब्याचं.

राष्ट्रीय पोषण संस्थेनं मे २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शिका काढली. तिच्यात शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पावडर टाळा, असं स्पष्ट म्हटलं आहे. भरतीची तयारी करणाऱ्या मुलांना हे जरूर सांगा. मात्र एखाद्या आजारात डॉक्टरांनी पावडर लिहून दिली असेल तर ती मनानं बंद करू नका, त्यांनाच विचारा.

मग कच्चं का नको?

धारोष्ण दुधाची आपल्याकडं मोठी आवड. कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हैस समोर पिळून तिथंच पेला तोंडाला लावायची जुनी पद्धत आहे. समोर काढलेल्या दुधात पाण्याची भेसळ नसते, ही त्यातली चांगली बाजू. पण दुधात पाणी नसलं म्हणून रोगाचे जंतू नसतात असं नाही.

एक खरी गोष्ट सांगते. भूमध्य समुद्रात माल्टा नावाचं बेट आहे. तिथं इंग्रज सैनिकांना चढ-उताराचा ताप यायचा, महिनोन्‌महिने हटायचा नाही. १८८७ मध्ये डेव्हिड ब्रूस या डॉक्टरानं त्याचा जंतू शोधला, पण तो येतो कुठून ते कळेना. १९०५ मध्ये तिथल्याच थेमिस्टोक्लीस झॅमिट या डॉक्टरानं दाखवून दिलं की तो शेळ्यांमध्ये आहे. त्या शेळ्या वरून अगदी धडधाकट दिसत होत्या! १९०६ मध्ये सैनिकांना ते दूध देणं बंद केलं आणि त्यांच्यातला ताप झपाट्यानं कमी झाला.

त्या रोगाला आज ब्रुसेलोसिस म्हणतात. आपल्या गाई-म्हशी-शेळ्यांमध्येही तो आढळतो. जनावर गाभ टाकतं, तेही बहुतेक वेळा शेवटच्या महिन्यांत, त्यामागं हे एक कारण असू शकतं. माणसाला तो कच्च्या दुधातून होतो, तसाच गाभ पडल्यावर वार-झार उघड्या हातानं उचलल्यानंही होतो. सारखा येणारा-जाणारा ताप, रात्री घाम, सांधे आणि पाठ दुखणं, कमालीचा थकवा, ही त्याची लक्षणं. गरोदर बाईचा गर्भपातही होऊ शकतो. म्हणजे ज्या सुनेच्या ताकदीसाठी आपण कच्चं दूध देणार, तिलाच त्याचा सगळ्यात मोठा धोका. क्षयाचे काही जंतूही कच्च्या दुधातून येतात.

उकळल्यावर हे जंतू मरतात. प्रथिनं मात्र कुठं जात नाहीत, कॅल्शियमही तसंच राहतं. काही जीवनसत्त्वं थोडी कमी होतात, ती पालेभाजी आणि लिंबातून भरून निघतात. डेअरीच्या प्लँटमध्येसुद्धा दूध ७२ अंशांवर १५ सेकंद तापवूनच पिशवीत भरतात. मग आपल्या घरात ते काम चुलीनं करायचं.

घरात काय करायचं?

१. दूध कॅनमध्ये ओतायच्या आधी घरचं बाजूला काढा. दुधाच्या पैशावर हप्ता चालतो, हे मला माहीत आहे. रोज अर्धा लिटर ठेवलं तर महिन्याला सव्वापाचशे रुपये कमी येतील, आणि ही रक्कम लहान नाही. म्हणून निदान घरातली गरोदर, ओली बाळंतीण आणि वाढत्या वयाच्या मुली यांच्यापासून सुरुवात करा. त्या अर्ध्या लिटरमधून १६ ग्रॅम प्रथिनं मिळतात. तेवढीच वरच्या हिशोबातल्या डब्यातून घ्यायची म्हटली तर महिन्याला २,४०० रुपये लागतील. आणि पेला भरताना आधी बाप्याचा, मग मुलाचा, उरलं तर मुलीचा, हा क्रम एकदा मोडून बघा.

२. घरी जनावर नसेल तर गटातल्याच ताईकडून डेअरीच्या दरानं दूध घ्या. तिला तोटा नाही आणि तुम्हाला स्वस्त. तेही जमत नसेल तर मूठभर शेंगदाणे, हुलग्याचं माडगं, मोड आलेली मटकी, फुटाणे, अंडी. दूध पचत नसेल तर दही-ताक घ्या.

३. दूध चांगलं वर येईपर्यंत उकळा. मग आच कमी करून दोन-तीन मिनिटं हलवत ठेवा आणि झाका. दही लावायचं तेही उकळलेल्या दुधाचंच. चीक कच्चा चाखू नका, खरवस पूर्ण उकडूनच खा.

४. गाईला दगडी झाली असेल किंवा इंजेक्शनं चालू असतील तर ते दूध घरातही नको आणि डेअरीलाही नको. औषधाचा अंश उकळून जात नाही. किती दिवस थांबायचं ते पशुवैद्यकाला विचारा.

५. जनावरानं गाभ टाकला तर उघड्या हातानं काही उचलू नका. हातमोजे नसतील तर जाड प्लॅस्टिकची पिशवी हातावर चढवा. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. गरोदर बाईला तिथं जाऊ देऊ नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. कालवडी आणि रेड्या ४ ते ८ महिन्यांच्या असताना ब्रुसेलोसिसची लस आयुष्यात एकदाच द्यायची असते. २०१९ पासून ती राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत आहे.

६. एक वर्षाच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाऐवजी गाई-म्हशीचं दूध पाजू नका. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध.

७. थकवा म्हणजे दरवेळी प्रथिनांची कमतरता असं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांमध्ये रक्त कमी आढळलं. दुधात लोह फार थोडं असतं, त्यामुळं दुधानं रक्त वाढत नाही. आधी उपकेंद्रात किंवा न्हावऱ्याच्या ग्रामीण रुग्णालयात हिमोग्लोबिन तपासा. लोहाची गोळी दुधाबरोबर किंवा चहाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या. आणि ताप वारंवार येत असेल तर डॉक्टरांना आपल्या गोठ्याबद्दल आवर्जून सांगा.

पुढच्या मासिक बैठकीला एक काम करूया. ज्यांच्या घरी डबा आहे त्यांनी रिकामा का होईना, तो घेऊन या. बाकीच्यांनी डेअरीची पावती आणा. गटाच्या वहीच्या मागच्या पानावर दोन्हींचा हिशोब आपण सगळ्या मिळून मांडू. त्यानंतरही कुणाला डब्यासाठी कर्ज हवं असेल तर गटानं ठरवावं. पण त्या दिवशी घरी गेल्यावर, कॅन डेअरीला जायच्या आधी, घरातल्या मुलीचा पेला भरलाय का एवढं बघा.

तुमची,
क्षेत्र समन्वयक, न्हावरे