अदिलाबादचे पाणी समुद्राला कसे पोहोचते

तेलंगणाच्या उत्तर टोकाला असलेल्या अदिलाबाद जिल्ह्यात सातमाळा डोंगररांग पाण्याची वाटणी करते. उत्तर उतारावरचा पाऊस पैनगंगेला जातो, दक्षिणेकडचा बराचसा कडम नदीतून गोदावरीला.

पैनगंगा उगम पावते बुलढाणा जिल्ह्यात, अजिंठ्याच्या डोंगरात. दख्खनच्या पठाराचा उतार पूर्वेकडे असल्याने तीही पूर्वेची वाट धरते. इसापूर धरणात तिचे पाणी अडते. सहस्रकुंडाला ती काळ्या कातळावरून कोसळते. पुढे डाव्या तीरावर यवतमाळ आणि उजव्या तीरावर अदिलाबाद असा तिचा सीमेवरचा प्रवास सुरू होतो. सीमा ही कागदावरची गोष्ट; दोन्ही काठांवर बेसाल्ट झिजून झालेली तीच काळी माती, तोच कापूस, आणि गावोगावी मराठीही. पाण्याचा हिशेब मात्र राज्यांनाच करावा लागतो. चनाका-कोरटा बंधाऱ्यासाठी महाराष्ट्र आणि तेलंगणा यांच्यात 2016 मध्ये करार झाला.

चंद्रपूर जिल्ह्यात घुग्घुसजवळ वढा येथे पैनगंगा वर्धेला मिळते. वर्धा मध्य प्रदेशातल्या मुलताईकडून आलेली असते. पुढे वर्धा आणि वैनगंगा एकत्र आल्या की त्या प्रवाहाला प्राणहिता म्हणतात. प्राणहितेची लांबी जेमतेम 113 किलोमीटर, तरी पाणलोट क्षेत्राच्या हिशेबाने ती गोदावरीची सर्वांत मोठी उपनदी ठरते. मोठेपण अर्थातच तिच्यात येणाऱ्या नद्यांचे.

दक्षिणेकडच्या पाण्याची वाट आखूड आणि उताराची आहे. नेरडीगोंडाजवळ कडम नदी कुंतला धबधब्यात सुमारे 45 मीटर खाली झेपावते, निर्मल जिल्ह्यातल्या धरणात थबकते आणि गोदावरीत शिरते. ही गोदावरी त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवरून, अरबी समुद्रापासून अवघ्या 80 किलोमीटरवरून निघालेली असूनही पठार आडवे ओलांडत आलेली असते.

सिरोंचा आणि काळेश्वरम यांच्यामध्ये प्राणहिता गोदावरीला मिळते. एकाच डोंगराच्या दोन बाजूंना वाहिलेले अदिलाबादचे पाणी इथे पुन्हा एक होते. मग पापीकोंडलूच्या अरुंद घळीतून पूर्व घाट भेदून नदी राजमहेंद्रीला सपाटीवर उतरते. तिथे उतार संपतो, वेग मंदावतो, गाळ खाली बसतो. त्यातूनच त्रिभुज प्रदेश घडला. धवळेश्वरमला आर्थर कॉटन यांनी 1852 मध्ये बंधारा पुरा केला आणि या गाळाच्या जमिनीला कालव्यांचे पाणी मिळाले. बंधाऱ्याखाली नदीचे फाटे होतात. गौतमी यानमजवळून, तर वसिष्ठा अंतर्वेदीजवळ बंगालच्या उपसागराला मिळते.